गावात मयत झाली तर डोळे, अवयव, देह कसा द्यायचा: घरच्यांसाठी माहिती

बाबा गेले ते मार्गशीर्षातल्या एका रात्री अडीच वाजता, हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या घरी. "माये डोये देऊन टाकजा," असं त्यांनी हयातीत तीनदा तरी सांगितलं होतं. फोन कोणाला करायचा, हे मात्र घरात एकालाही ठाऊक नव्हतं. सकाळी शाळेतले गुरुजी आले. त्यांनी कुठून तरी नेत्रपेढीचा नंबर मिळवला, तोवर साडेनऊ झाले होते. पलीकडच्या माणसानं वेळ विचारली, मी सांगितली. तो जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, सहा तास होऊन गेले."

त्या दिवसापासून तालुक्यातल्या बऱ्याच घरी मी या कामासाठी जाऊन बसले आहे. लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिते आहे, ज्या क्रमानं ती घरी लागतात त्याच क्रमानं.

मरण कुठे आलं, यावर सगळं ठरतं

पहिला घोटाळा इथेच होतो. "आजी गेली, तिची किडनी देता येईल का?" असं विचारणारे फोन येतात. आजी घरी खाटेवर गेली असेल तर किडनी, लिव्हर, हृदय, फुप्फुसं यातलं काहीही देता येत नाही. हृदय थांबलं की या अवयवांना रक्त मिळत नाही आणि थोड्याच वेळात ते निकामी होतात. हे अवयव मिळतात ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्या, मेंदू कायमचा मेलेला आहे पण हृदय अजून चालू आहे, अशा माणसाकडून. अपघातात डोक्याला मार लागलेला, मेंदूत रक्तस्राव झालेला, अशी ती माणसं असतात.

डोळ्यांचं तसं नाही. डोळ्याची समोरची पारदर्शक काच, जिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिला लागणारा प्राणवायू ती बाहेरच्या हवेतून आणि अश्रूंतून घेते. म्हणून हृदय थांबल्यावरही ती काही तास जिवंत राहते. त्वचेचंही काहीसं असंच आहे. आपल्याकडे गावात बहुतेक मरणं घरीच होतात, त्यामुळे आपल्या हातात खरोखर असलेलं दान म्हणजे डोळे. म्हणून मी त्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिते.

डोळे कोणाच्या कामी येतात

ज्याच्या डोळ्यात फूल पडलं आहे त्याच्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटताना काडी लागते, गहू काढताना कुसळ जातं, भंडारा-गोंदियाकडे धानाचं पातं घासतं. मग कोणी तरी डोळ्यात काहीबाही टाकायला सांगतं, बुरशीचा जंतुसंसर्ग होतो आणि काच पांढरी पडते. मागचा डोळा चांगला असतो, फक्त समोरची काच बदलायची असते. एका माणसाच्या दोन डोळ्यांतून दोघांना दिसू शकतं. मोतीबिंदूला मात्र हे लागत नाही, त्याचं ऑपरेशन वेगळं असतं.

"बाबांना मोतीबिंदू होता, चष्मा होता, शुगर होती, बीपी होता" असं म्हणून पुष्कळ घरं स्वतःच नाही म्हणून टाकतात. यातल्या कशानंही डोळे बाद होत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतात. वयाची अट धरू नका, नव्वदीच्या म्हातारीचेही घेतात. पिसाळलेलं कुत्रं चावून आलेलं मरण, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग यांत डोळे घेत नाहीत. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये चालतात. शंका असेल तर फोनवर विचारा, पण नकार तुम्ही ठरवू नका, तो नेत्रपेढीला ठरवू द्या. बसवण्याजोगे निघाले नाहीत तर ते अभ्यासाला, संशोधनाला वापरता येतात.

माणूस गेल्यावरचे सहा तास

सगळ्यात आधी वेळ लिहून ठेवा. रडारडीत वेळेचं भान राहत नाही, म्हणून हे काम शेजारच्या एखाद्या शांत माणसाकडे द्या. नेत्रपेढीचा पहिला प्रश्न तोच असतो. काच काढण्याचं काम मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, आणि गाडी यायचा वेळ त्यातूनच वजा होतो. आमच्याकडून सेवाग्राम जवळ पडतं, पण सिरोंचा किंवा भामरागडकडच्या माणसासाठी अर्धा तासही मोलाचा आहे.

मग लगेच फोन. आधी डॉक्टर येऊ द्या, आधी मुलगा पुण्याहून येऊ द्या, असं करत बसू नका. डॉक्टरांना बोलावणं आणि नेत्रपेढीला फोन करणं एकाच वेळी दोन माणसांनी करायचं. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेत्रपेढी आहे, नागपुरात आणखीही आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारून जवळची कोणती ते आजच माहीत करून घ्या. दोन नंबर ठेवा, कारण एक उचलला गेला नाही असं रात्री होतं. फोनवर एवढं सांगायचं: नाव, वय, किती वाजता गेले, कशानं गेले, गाव आणि तालुका, गावात शिरायची खूण, आणि तुमचा असा मोबाईल नंबर जो पुढचे चार तास चालू राहील. फाट्यावर एक पोरगा उभा ठेवा. गाडी गावात शिरल्यावर वीस मिनिटं घर शोधत फिरलेली मी पाहिली आहे.

फोन झाला की डोळ्यांची काळजी घ्यायची. पापण्या अलगद मिटवा. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस मिटलेल्या पापण्यांवर ठेवा आणि तो सुकला की बदला. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा, त्यानं डोळ्यांभोवती सूज येत नाही आणि नंतर रक्तही येत नाही. पंखा बंद करा. वैशाखात हे जिवावर येतं, घर माणसांनी भरलेलं असतं, पण पंख्याच्या वाऱ्यानंच काच सर्वात लवकर सुकते. कूलरचा झोतही चेहऱ्यावर नको. गावात देह थंड ठेवणारी शवपेटी मिळत असेल तर उत्तमच. तोंडात तुळशीपत्र, गंगाजल घालायला काही हरकत नाही. फक्त डोळ्यात काही जाऊ देऊ नका, आणि गुलाल-बुक्का नेत्रपेढीचं काम झाल्यावर.

कागद काढून ठेवा: गेलेल्या माणसाचं आधार कार्ड, दवाखान्याची फाईल असेल तर ती, आणि डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं व कारण लिहून दिलेला कागद. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा गावात येणारे खासगी डॉक्टर तो देऊ शकतात. याच कागदावर पुढे ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणजे काम एकच आहे. संमतीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते आणि साक्षीदार लागतात. गेलेल्या माणसानं आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरचे संमती देऊ शकतात. हे खूप जणांना माहीत नसतं आणि "त्यांचा फॉर्म नव्हता ना" म्हणून ते गप्प बसतात.

गाडीतून एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एखादा मदतनीस येतो. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर हे काम तंत्रज्ञही करू शकतात. त्यांना एक खोली, उजेड आणि दार बंद करायची मुभा लागते. आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही, म्हणून चार्ज केलेला बॅटरीचा दिवा हाताशी ठेवा. काम वीस मिनिटांचं, फार तर अर्ध्या तासाचं. तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. आता बहुतेक ठिकाणी फक्त काच काढतात. पूर्ण डोळा काढला तरी आत आधार बसवून पापण्या मिटवतात. चेहरा पाहून कोणाला कळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः पापणीवर हात ठेवून पाहिलं आहे, आणि शेजारच्या मोठ्या मायची सून, जिला सगळ्यात जास्त भीती होती, तिनंही पाहिलं आहे.

त्यानंतर आंघोळ, नवं लुगडं, तिरडी, सगळं नेहमीसारखं. पैसे कोणी मागत नाही, कोणी मागितले तर देऊ नका. डोळे कोणाला बसवले ते सांगत नाहीत.

"पुढच्या जन्मी आंधळा होईल"

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार, बहुधा अंगणातूनच कोणाकडून तरी. वाद घालू नका, ती वेळ वादाची नसते. मी एवढंच म्हणते, की ज्या चितेवर सगळं शरीर जाळतो तिच्यावरून पुढच्या जन्मी कोणी जळकं येत नाही, मग डोळ्यांचंच काय? काही जणांना ते पटतं. न पटणाऱ्यांना दधीचींची गोष्ट आठवते, त्यांनी हाडं दिली होती. आणि गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या दशसूत्रीत अंध-पंगूंच्या औषधोपचाराचा वेगळा उल्लेख आहे. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्या गावात होते, तिथे प्रार्थनेनंतरची दहा मिनिटं या विषयाला मागून घ्या. मयतीच्या घरी पहिल्यांदा हा विषय निघण्यापेक्षा तिथे निघालेला केव्हाही बरा.

आयसीयूतला प्रसंग

आता दुसरी वाट. मोटारसायकलचा अपघात होतो, ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला आणि तिथून "नागपूरला न्या" असं होतं. दोन-तीन दिवसांनी डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला आहे. समोर तर पोराची छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसतात. "जिवंत माणसाचे अवयव मागून रायले" ही गावातली हाकाटी इथूनच सुरू होते, आणि मी त्या बापाला दोष देत नाही. छाती यंत्र हलवत असतं, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांत फरक आहे. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो स्वतः श्वास घेऊ शकतो, काही जण परत येतात. मेंदूमृत्यूत मेंदूचा खोड भाग, म्हणजे श्वास चालवणारा भाग, कायमचा बंद पडलेला असतो. तिथून परत कोणी येत नाही, आणि व्हेंटिलेटरवर असतानाही काही काळानं हृदय थांबतंच. कायद्यानं, म्हणजे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं, हा मृत्यूच आहे.

तो ठरवण्याची पद्धत तुम्हाला माहीत असली पाहिजे, म्हणजे तिथे विचारता येईल. चार डॉक्टरांनी तपासावं लागतं: रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक तज्ज्ञ, आणि मेंदूचे तज्ज्ञ, ते नसतील तर नियमात बसणारे दुसरे तज्ज्ञ. अवयव बसवणाऱ्या चमूचा यांपैकी कोणाशीही संबंध नसावा. तपासण्या दोनदा होतात आणि त्यांत किमान सहा तासांचं अंतर असतं. बाहुल्यांवर उजेड टाकून पाहतात, डोळ्याच्या काचेला स्पर्श करून पाहतात, घशात नळी फिरवून खोकला येतो का पाहतात, आणि शेवटी यंत्र काही मिनिटं बाजूला करून स्वतःहून श्वास येतो का ते पाहतात. हे सगळं आम्हाला समजावून सांगा, असं म्हणायला लाजू नका.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते. मण्यार चावलेला माणूस अगदी मेंदू मेल्यासारखा दिसू शकतो: हातपाय हलत नाहीत, बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, श्वास थांबतो. तरी तो व्हेंटिलेटरवर वाचू शकतो. फवारणीच्या औषधाची विषबाधा, झोपेच्या किंवा भुलीच्या औषधांचा अंमल, यांनीही तसा भास होतो. म्हणून या गोष्टी नाहीत याची खात्री झाल्याशिवाय मेंदूमृत्यूच्या तपासण्या करायच्याच नसतात. माणूस वावरात बेशुद्ध सापडला असेल, रात्री जमिनीवर झोपला असेल, त्या दिवशी फवारणी केली असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. मण्यारीच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसतसुद्धा नाही.

मृत्यू जाहीर झाल्यावर रुग्णालयाचा समन्वयक तुमच्याशी बोलतो. विचारणं हे त्याचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, सक्ती करणं नाही. वेगळ्या खोलीत बसा. आई, बायको, मोठा भाऊ, ज्यांच्या शब्दाला घरात वजन आहे त्यांना आत घ्या आणि गावातून आलेल्या वीस जणांना बाहेर ठेवा. कोणते अवयव द्यायचे आणि कोणते नाही, हे तुम्ही निवडू शकता. सही फॉर्म ८ वर होते. गेलेला अठरा वर्षांच्या आतला असेल तर आई किंवा वडील सही करतात आणि तो फॉर्म ९ असतो. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, कोणी जाब विचारत नाही.

हो म्हटल्यावर पुढचं काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचं, विदर्भासाठी ते नागपूरला आहे. तिथल्या प्रतीक्षा यादीनुसार, रक्तगट पाहून अवयव कोणाला जायचे ते ठरतं. डॉक्टर किंवा श्रीमंत माणूस परस्पर ठरवू शकत नाही. विक्री केली तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. हृदय बाहेर काढल्यावर चार ते सहा तासच टिकतं, किडनी दिवसभर तग धरते, म्हणून ती धावपळ आणि ते मोकळे केलेले रस्ते. एका माणसाकडून आठ जणांना अवयव मिळू शकतात. आमच्याकडून पश्चिमेला खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, गेलात तर डायलिसिसला जाणारा माणूस गावोगावी भेटतो. किडनी कोणासाठी, हे मला तिथे जाऊन समजलं.

घरच्यांनी तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. पहिली, वेळ: संमतीपासून देह हाती यायला साधारण एक दिवस लागू शकतो, तेव्हा गावी तसा निरोप द्या आणि माणसांना ताटकळत ठेवू नका. दुसरी, बिल: संमतीनंतर अवयवांसाठी होणारा तपासण्यांचा, ऑपरेशनचा खर्च घरच्यांवर नसतो, पण त्याआधीच्या उपचाराचं बिल वेगळं असतं. ते कोणत्या तारखेपर्यंतचं, हे लिहून मागा. तिसरी, देह गावी न्यायची गाडी कोण देणार. चंद्रपूर काय, यवतमाळ काय, दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे, आणि हा प्रश्न रात्री अकराला दारात उभं राहून सोडवायचा नसतो.

अपघात असला की पोलीस आणि पोस्टमार्टम आलंच. त्यामुळे अवयवदान अडत नाही. पोलिसांची परवानगी घेतात आणि पोस्टमार्टम त्याला जोडून होतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही पोस्टमार्टम करायला केंद्र सरकारनं मुभा दिली आहे. शेतकरी अपघात योजनेच्या प्रस्तावाला लागणारा अहवाल मिळणार नाही, ही भीती मी पुष्कळदा ऐकते. पोस्टमार्टम होतंच, अहवालही मिळतो.

त्वचा आणि देहदान

त्वचाही मृत्यूनंतर सहा तासांतच घ्यावी लागते. मांडी आणि पाठीवरून एक पातळ थर घेतात, रक्त वाहत नाही, आणि ती भाजलेल्या माणसावर पांघरूण म्हणून लावतात. नागपुरात त्वचापेढी आहे. लांबच्या गावातून हे जमणं कठीण, जवळच्यांनी मात्र विचारावं.

देहदान हा वेगळाच विषय आहे. तो देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात शिकण्यासाठी जातो. सेवाग्राम, सावंगी, नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी महाविद्यालयं, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, यांपैकी जवळच्या ठिकाणी जाऊन फॉर्म भरता येतो. डोळे दिले असतील तरी देह घेतात. पोस्टमार्टम झालेला किंवा अवयव काढलेला देह सहसा घेत नाहीत. देह परत मिळत नाही, म्हणून अग्नी कशाला द्यायचा हा प्रश्न घरात आधीच सुटलेला असावा. नेण्याची गाडी बहुधा घरच्यांनाच करावी लागते.

फॉर्म कधी भरायचा

आजच भरला तरी चालेल. अठरा वर्षांवरचा कोणीही फॉर्म ७ भरू शकतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक हवा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीनं मोबाईलवरही भरता येतो. त्यांचा मोफत नंबर १८००-११-४७७० आहे. पण फॉर्म भरून कार्ड ट्रंकेत ठेवलं तर त्याचा काही उपयोग नाही, कारण शेवटी विचारतात ते घरच्यांना. म्हणून जेवताना सांगा, सगळ्यांसमोर सांगा, आणि ज्या मुलाचा किंवा सुनेचा विरोध होईल असं वाटतं त्याला आधी सांगा. बाहेरगावी असलेल्या लेकीला फोनवर सांगा. आयत्या वेळी "मला कोणी विचारलं नाही" म्हणून अडवणारं माणूस बहुधा दूरचंच असतं.

आमच्या घरी आता दोन नंबर धान्याच्या कोठीवर ऑइलपेंटनं लिहिले आहेत. कागद लावला होता तो पावसाळ्यात गळून पडला. आईनं तेव्हा पोराला समोर बसवून दोन्ही नंबर मोठ्यानं वाचायला लावले, मग स्वतःचं वय किती सांगायचं ते सांगितलं, आणि म्हणाली, "मी गेल्यावर पंखा बंद करजा, मले गरम नाई होनार."